हापशीचं पाणी आणि डागाळलेले दात

मंडळी, आपल्या टूथपेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइडचं कौतुक छापलेलं असतं. आमच्या तिवस्याहून खाली यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला गेलात तर हेच फ्लोराइड पाण्यात नको म्हणून खटपट चालते. असं उलटं का, हे ह्या वीकेंडला वाचत बसलो होतो.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाच्या तरुण डेंटिस्टने कोलोरॅडो स्प्रिंग्जला दवाखाना थाटला, तर तिथल्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग! गंमत म्हणजे हे दात किडायचे मात्र कमी. कारण सापडायला १९३१ उजाडलं : पाण्यातलं फ्लोराइड. मधल्या काळात आयडाहोतल्या ओकली गावाने लांबच्या गरम झऱ्यावरून पाइपलाइन आणली आणि पोरांचे दात डागाळले. मॅके म्हणाला, दुसरा झरा घ्या. पुढचे दात स्वच्छ आले! नंतर ट्रेंडली डीनने मोजून दाखवलं की लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास डाग फारसे पडत नाहीत, कीडही कमी. म्हणून १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घातलं. त्यानंतर जन्मलेल्या मुलांत कीड ६० टक्क्यांहून जास्त घटली.

आपल्याकडे झाली ती ओकलीची गोष्ट. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर मारले, हापशा बसल्या. उघड्या विहिरीच्या गढूळ पाण्यापेक्षा बरंच की! पण काही खडकांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं, आणि ते ना दिसत, ना त्याचा वास येत. पक्का दात हिरडीच्या आत घडत असतो तेव्हाच, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, एनॅमल बिघडतं. दात डाग घेऊनच बाहेर येतो. आणि आपल्यासारखे शहरी पाहुणे पोराला विचारणार, "काय रे, दात घासत नाहीस का?" ह्याचा मला फार राग येतो. राखुंडीने हिरड्या सोलल्या तरी तो डाग जायचा नाही.

उपाय नागपूरच्या नीरीने १९७०च्या दशकात काढला, 'नालगोंडा' पद्धत. पाण्यात चुना, तुरटी, ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचं, निवळू द्यायचं. स्वस्त आहे, पण रोज मोजून तुरटी टाकणार कोण आणि गाळ फेकायचा कुठे? (सॉफ्टवेअरवाल्यांनो, मेंटेनन्सचं रडगाणं इथेही आहेच!) त्यापेक्षा मॅकेचा सल्ला सरळ : पाणीच बदला.

एकाच गावात एक हापशी पास, दुसरी नापास असू शकते, म्हणून प्रत्येक बोअर वेगळा तपासावा लागतो. आपल्या मानकात मर्यादा १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५. नापास हापशीचं पाणी धुण्याभांड्याला चालतं. प्यायला आणि स्वयंपाकाला नाही.