वस्तरा आणि नाजूक कातडी

मागच्या महिन्यात नातवाचा पुण्याहून फोन आला. "आजोबा, मी वस्तरा मागवलाय. घडीचा, खराखुरा. तुम्हाला येते का हो त्याने दाढी करायला?"

त्याची कातडी लहानपणापासून नाजूक. चार-चार पात्यांच्या रेझरने मानेवर पुरळ उठते, केस आतल्या आत वळून फोड येतात. एकच पाते बरे असे कुणीतरी त्याला सांगितले. मी म्हणालो, "बाळा, मला नाही येत." फोन ठेवला आणि मलाच नवल वाटले. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या दाढी वस्तऱ्यानेच झाली, पण घरातल्या एकाच्याही हातात वस्तरा कधी नव्हता. असे का?

कारण वस्तरा आपला नव्हताच, तो न्हाव्याचा होता. लातूरकडच्या आमच्या गावात आम्ही त्यांना वारीकमामा म्हणत असू. बगलेत धोकटी घेऊन ते आठवड्याला घरी येत. धोकटीत वस्तरा, कातर, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा आणि तुरटीचा खडा. वडील लिंबाखाली मांडी घालून बसत. मामा बोटे पाण्यात बुडवून दाढी चोळत राहत, इतका वेळ की आम्हा पोरांना कंटाळा येई. मग वस्तरा पट्ट्यावर दहा-वीस वेळा फिरे, पाठ पुढे आणि धार मागे. प्रत्यक्ष दाढी मात्र झटक्यात उरके. मोबदला सुगीला, खळ्यावर, ज्वारीच्या रूपात. बलुतेदारीच ती.

शब्दांचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. वस्तरा हा फारसी 'उस्तुरा'वरून आला आणि हजामत अरबीतून. अरबीत हज्जाम म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणारा. म्हणजे न्हावी हा अर्धा वैद्यच. विलायतेतही तेच. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शस्त्रवैद्य यांचा एकच संघ झाला, तो १७४५ मध्ये फुटला. तिकडचे शस्त्रवैद्य पुढे मोठे डॉक्टर झाले, न्हावी मात्र न्हावीच राहिले.

अमेरिकेत जिलेट यांनी १९०३ मध्ये टाकाऊ पात्याचा रेझर विकायला काढला. पहिल्या वर्षी जेमतेम ५१ रेझर खपले. पण पहिल्या महायुद्धात तो सैनिकांना दिला गेला आणि घरोघर पोचला. आमच्याकडे वडिलांच्या हाती तो बराच उशिरा आला. त्या दिवसापासून मामांचे येणे कमी झाले. पट्ट्यावर वस्तरा फिरवायचे ते ज्ञान आपल्या घरात कधी शिरलेच नाही, कारण ते मामांच्या हातात होते आणि आम्ही ते कधी विचारले नाही.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर बरे वाटले असते. पण या वस्तऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मामा गावभर फिरत, पण वेशीबाहेरच्या वस्तीत जात नसत. मला लहानपणी यात काही वेगळे दिसले नाही. पुढे मी मास्तर झालो. सत्तरच्या दशकात एका वर्गात एक मुलगा वेडेवाकडे केस कापून आला. मी सगळ्यांदेखत विचारले, "काय रे, उंदरांनी कुरतडले का?" वर्ग हसला. तो खाली बघत म्हणाला, "आईनं कापले, गुरुजी." मी पुढचा धडा काढला.

बऱ्याच वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातल्या बालपणाविषयी लिहिलेले वाचले. तिथे न्हावी होते, पैसे द्यायची ऐपतही होती, तरी भावंडांचे केस मोठी बहीणच कापायची. कारण अस्पृश्यांना हात लावायला न्हावी तयार नव्हता. ते वाचले आणि तो मुलगा डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या आईने कातर हातात का घेतली, हे मला वर्गात कळायला हवे होते. मास्तर मी होतो.

दोष एकट्या मामांचा नव्हता. त्यांनी वस्तीत वस्तरा नेला असता तर उरलेल्या गावाने त्यांचे बलुते बंद केले असते. आणि त्यांना तरी कुठे मान होता? रोज प्रत्येकाच्या गळ्यावर धार धरणारा हा माणूस आमच्या पंगतीत मात्र बसत नसे.

याच समाजाने एकदा वस्तरा खाली ठेवून सगळ्यांना धडाही दिला आहे. ब्राह्मण विधवांचे केशवपन न्हाव्यांच्याच हातून होत असे. १८९० च्या सुमारास 'दीनबंधु'चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवली आणि हे काम आम्ही करणार नाही, असे ठरवले. शिकलेली मंडळी शास्त्रार्थ करत बसली होती, तेव्हा ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी निकाल दिला.

नोकरीनिमित्त नांदेडला राहिलो. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगजींनी जिथे देह ठेवला ते हे गाव. केसांना वस्तरा न लावणे हाच तिथे धर्म. आपल्या डोक्यावरच्या केसांचे काय करायचे हे स्वतः ठरवता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, ते त्या विधवांना आणि त्या मुलाला विचारावे.

असो. नातवाला उत्तर द्यायचे होते. गल्लीतल्या सलूनमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो, बाकावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारले. त्यांनी सांगितले ते असे. आंघोळीनंतरच दाढी करावी, केस मऊ पडलेले असतात. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी. वस्तरा गालाशी तीसेक अंशात तिरपा, आणि दाब अजिबात नाही. केसाच्या वाढीच्या दिशेनेच, एकदाच. उलटा हात फिरवला की केस कातडीच्या आत तुटतो आणि फोड येतात. पहिले पंधरा दिवस फक्त गाल, हनुवटी आणि मान नंतर. बोथट धार जास्त कापते. शेवटी थंड पाणी. आणि आपला वस्तरा दुसऱ्याला देऊ नये. कावीळ आणि एड्सच्या धास्तीनेच तर सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे पाते आले.

पैसे देऊ लागलो तर घेईनात. म्हणाले, "गुरुजी, विचारायला कोण येतं?"

परवा नातवाचा फोन आला. फक्त उजवा गाल केला, कापले नाही, पुरळही नाही. मी त्याला वारीकमामांबद्दल सांगितले. आणि त्या मुलाबद्दलही सांगितले.