५ जुलै २००२ आणि चिखलीतली एक गोळी

२०१६ च्या दिवाळीत चिखलीला घरी गेले होते. महिना संपत आला तरी मोठेबाबांची साखरेच्या गोळ्यांची पट्टी अर्धी शिल्लक! विचारलं तर म्हणाले, "दिवसाआड घेतो व माय. चाळीसच्या वर जाते एक गोळी."

ती गोळी सिटाग्लिप्टिनची. शेजारच्याच डब्यातली मेटफॉर्मिनची गोळी दोनेक रुपयांची. आता तुम्ही म्हणाल, नवीन औषध बनवायला अवघड असेल म्हणून महाग. मलाही तसंच वाटायचं.

जरा मागे जाऊ. १९७० चा आपला पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. तोच रेणू वेगळ्या रासायनिक वाटेने बनवा आणि खुशाल विका. आपला औषध उद्योग यावर उभा राहिला. जागतिक व्यापार करारामुळे १ जानेवारी २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत आलं, तेही वीस वर्षांचं. मर्क कंपनीचा सिटाग्लिप्टिनचा अर्ज ५ जुलै २००२ चा. म्हणजे जुलै २०२२ पर्यंत मक्तेदारी.

मधे एकदा दार किलकिलं झालं होतं. २०१३ मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कने हेच औषध सुमारे तीस टक्के स्वस्तात बाजारात आणलं. मर्क दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ग्लेनमार्कचं एक म्हणणं असं, की आम्ही विकतो ते सिटाग्लिप्टिन फॉस्फेट, ते या पेटंटमध्ये येतच नाही. हा मुद्दा मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून वाचला. गोळीत फॉस्फेट असतं ते रेणू टिकावा, नीट विरघळावा म्हणून. पोटात गेल्यावर फॉस्फेट सुटं होतं, साखरेवर काम करतो तो सिटाग्लिप्टिनच. ऑक्टोबर २०१५ मध्ये निकाल मर्कच्या बाजूने लागला. खरं सांगते, मला तो निकाल आवडला नाही, पण त्यातलं रसायनशास्त्र खोडता येईना. प्रश्न रेणूचा नव्हताच, वीस वर्षं देणाऱ्या कायद्याचा होता, आणि तो काही कोर्टात बदलत नाही.

जुलै २०२२ उजाडला आणि डझनावारी कंपन्या उतरल्या. सप्टेंबरमध्ये जनऔषधी केंद्रांत १०० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या १०० रुपयांना मिळू लागल्या. गोळी दहा रुपयांची! रेणू तोच, फक्त कॅलेंडरचं पान उलटलं होतं.

तोवर मोठेबाबा इन्सुलिनवर गेले होते. दिवसाआड गोळी घेतल्यामुळेच गेले, असं मी म्हणू शकत नाही. मधुमेह वर्षांगणिक तसाही वाढतो. पण मी दहा रुपयांच्या गोळ्यांची पट्टी दाखवली तेव्हा ते ती बराच वेळ उलटसुलट करून पाहत बसले होते.