पदकाची मागची बाजू

फौजेत मिळालेली माझी पदके घरी एका पेटीत आहेत. त्यांवर माझा चेहरा नाही. कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव, बस्स. म्हणूनच पंधराव्या शतकातल्या इटलीची पदके पाहून मी आधी बुचकळ्यात पडलो.

तिथे पदक शौर्याबद्दल मिळत नसे. राजे-सरदार कलावंताकडून स्वतःचे पदक ओतून घेत आणि भेट म्हणून वाटत. पुढे चेहरा, मागे एखादे चिन्ह. पुढची बाजू सांगे, मी असा दिसतो. मागची सांगे, मी असा आहे. या कलेचा पहिला मोठा उस्ताद पिसानेल्लो, मूळचा चित्रकार. त्याची दोन पदके शेजारी ठेवून बघू.

पहिले नेपल्सचा राजा आल्फोन्सो याचे, १४४९ सालचे. मागे गरुड बसलाय, त्याच्यापुढे हरणाचे मेलेले पाडस, भोवती इतर शिकारी पक्षी. गरुड आपली शिकार त्यांना वाटून देतो. लॅटिन अक्षरांचा अर्थ, राजाला शोभणारे औदार्य. या आल्फोन्सोने १४४२ मध्ये नेपल्स लढून जिंकले होते. मी सैनिक आहे, विजयाचे मोल जाणतो. तरी माझी नजर त्या पाडसावर जाते. औदार्य खरे, पण दिले ते दुसऱ्याचे मांस.

दुसरे पदक मांटुआच्या व्हित्तोरिनो दा फेल्त्रे याचे. हा राजा नव्हे, सेनापती नव्हे, शाळामास्तर. १४२३ पासून गोंझागा घराण्याची मुले शिकवता शिकवता त्याने गरिबांची मुलेही त्याच शाळेत फुकट शिकवली. त्याच्या पदकामागे पेलिकन पक्षी आहे. हा पक्षी चोचीने स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो, अशी तेव्हाची समजूत. ख्रिस्ताच्या त्यागाचे ते चिन्ह. शब्द कोरलेत त्यांत त्याला गणिती आणि साऱ्या मानव्यविद्येचा पिता म्हटले आहे.

दोन्हीकडे पक्षी, दोन्हीकडे देणे. एक शिकारीतून देतो, दुसरा स्वतःतून.

फौजेत मी दोन्ही प्रकारचे साहेब पाहिले. जवान कुणासाठी जीव टाकायचे, हे वेगळे सांगायला नको. आज रात्री स्वतःलाच विचारा, आपल्या पदकामागे कोणता पक्षी शोभेल? मीही विचारतोय.

जय हिंद.