ग्यांत्सेचा स्तूप आणि फाला वाडा



विहार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठा आणि कान्हेरी येतात. पण हिमालयापलीकडे तिबेटात न्यांगचू नदीचं खोरं आहे. ही नदी पुढं ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहाला मिळते. सुमारे 4000 मीटर उंचीवरचं हे खोरं सुपीक, सातूच्या पिकाचं. तिथल्या ग्यांत्से गावाचा इतिहास आपल्या माणसांनी वाचावा, असं आम्हांला वाटतं.

राजा रबतेन कुनझांग फाक याच्या काळात 1418 साली इथं पाल्खोर चोदे हा मठ स्थापन झाला. 1427 साली कुंबुम स्तूपाचं काम सुरू झालं. कुंबुम म्हणजे 'एक लाख प्रतिमा'. या नऊ मजली स्तूपात आतून वर चढत जाता येतं. खोल्याखोल्यांतून बुद्ध-बोधिसत्त्वांच्या मूर्ती आणि रंगीत चित्रं आहेत. 1930 नंतरच्या दशकात इटालियन अभ्यासक ज्युसेप्पे तुची यांनी इथले भिंतींवरचे लेख नोंदवले. त्यांत दान देणाऱ्यांबरोबर चित्रकारांचीही नावं आहेत. राबणाऱ्याचं नाव भिंतीवर राहिलं, ही केवढी मोठी गोष्ट!

पण दगडमाती कुणी वाहिली? आम्हां गिरणीकामगारांना हा प्रश्न आधी पडतो.

गावापासून काही किलोमीटरवर फाला या सरदार घराण्याचा तीन मजली वाडा आहे. पूजेची खोली, धान्याची कोठारं, सगळा थाट. आणि जवळच नोकरांच्या बुटक्या, कोंदट खोल्या. जुन्या तिबेटात जमिनी सरकारच्या, सरदारांच्या आणि मठांच्याही होत्या. बहुतेक कुळं धन्याच्या जमिनीला बांधलेली. सारा द्यायचा, वर वेठ करायची. वेठ म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना वतनानं चांगलंच शिकवलं होतं. म्हणून बुद्धाचं नाव घेणाऱ्या मुलखातही वेठ होती, हे आपण लपवू नये.

1904 साली हिंदुस्थानातून गेलेल्या इंग्रजी फौजेनं ग्यांत्सेचा किल्ला तोफांनी फोडला. 1959 नंतर चिनी राजवटीत सरदारांच्या जमिनी गेल्या, कुळांना वाटल्या गेल्या. पण त्याच राजवटीत 1966 ते 1976 च्या सांस्कृतिक क्रांतीत मठातल्या अनेक इमारती पडल्या. कुंबुम वाचला. फाला वाड्याचं पुढं संग्रहालय झालं. तिथं सरदाराचा जुलूम दाखवतात. तो खोटा नाही, पण पडलेल्या मठांची गोष्टही तेवढीच खरी. आपण दोन्ही लक्षात ठेवू.

बाबासाहेबांनी 1956 साली आपल्याला धम्म दिला, तो समतेसह दिला. आपल्या विहाराच्या वहीत वर्गणीदारांची नावं आहेत. सुट्टीच्या दिवशी विटा-रेती वाहणाऱ्या आयाबहिणींची नावंही या वर्षी त्यात लिहू या. एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!