डिसेंबरची माघार

माझा आजा महाडच्या दोन्ही परिषदांना गेला होता. मार्च १९२७ ची हकीकत तो कुणालाही, केव्हाही सांगे. चवदार तळ्याच्या पायऱ्या, बाबासाहेबांची ओंजळ, मागाहून झालेली मारहाण, सनातन्यांनी तळ्यात ओतलेले पंचगव्याचे एकशेआठ घागरी पाणी. डिसेंबरची हकीकत मात्र त्याने मला एकदाच सांगितली, आणि तीही मी अकरावीला गणितात नापास झालो तेव्हा.

निकालाच्या दिवशी मी घरी गेलो नाही. ओढ्याच्या पलीकडे अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. मला मार खाण्याचे भय नव्हते. भय होते ते गावातल्या एका वाक्याचे : "यांना किती शिकवा, शेवटी जात आडवी येतेच." त्याच वर्षी वरच्या आळीतली तीन मुले नापास झाली होती. ती तिघेजण नापास झाली, एवढेच. मी नापास झालो तेव्हा आमची सबंध वस्ती नापास झाली. दलित विद्यार्थ्याच्या मनातील अपयशाच्या भीतीचा विचार करताना हा फरक विसरून चालणार नाही. ज्याच्या चुकीचा हिशेब त्याच्या जातीच्या खात्यावर मांडला जातो, त्याने चुकायचेच नाही, असा हा व्यवहार आहे. मग पुष्कळजण परीक्षेलाच बसत नाहीत. पस्तीस वर्षे शिकविताना अशी किती मुले मी गमावली याचा हिशेब मीही ठेवला नाही.

त्या रात्री आज्याने जे सांगितले ते मी पुढे वाचून पडताळून पाहिले. तपशिलात तो फारसा चुकला नव्हता.

दुसरी परिषद २५ डिसेंबर १९२७ ला भरली. महाडच्या एकाही हिंदूने मंडपाला जागा दिली नाही. ती दिली एका मुसलमान गृहस्थाने. व्यापारी माल विकीनात, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तेथून पायी महाडला आले. पहिल्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. हे सर्व आपण दरवर्षी सांगतो. परंतु लोक जमले होते ते मुख्यतः तळ्यावर पुन्हा जाण्यासाठी, आणि ते घडले नाही, हे आपण भरभर उरकतो.

सनातनी पक्षाने परिषदेपूर्वीच दिवाणी दावा दाखल केला होता. तळे ही आमची खाजगी मालमत्ता आहे व अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. म्हणजे आता पाणी घ्यायचे तर सनातन्यांशी आणि सरकारशी एकाच वेळी झुंजायचे. मंडपातले लोक त्यालाही तयार होते. तुरुंगात जाण्यासाठी हजारोंनी नावे नोंदवली होती. कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन बोलून गेले, तरीही भाषणे सत्याग्रहाच्याच बाजूची झाली. अखेर बाबासाहेबांनीच सत्याग्रह तहकूब करावा असा सल्ला दिला, आणि लोकांनी तो मानला. तळ्याभोवती मिरवणूक निघाली. पाण्याला कुणी हात लावला नाही.

आज्याच्या तोंडून : "आम्ही घरून मरायची तयारी करून गेलेलो. आणि परत आलो कोरडेच. वाटेत गावागावांत लोक विचारायचे, काय रे, प्यालात का पाणी?"

हा निर्णय बरोबर की चूक यावर अभ्यासक आजही वाद घालतात, घालावा. मला त्यात दुसरेच काही दिसते. हजारो माणसांसमोर, विरोधक टाळ्या पिटणार हे ठाऊक असताना, "आज नाही" असे म्हणायला जे मन लागते ते अपयशाला भिणारे मन नव्हे. भित्रा पुढारी त्या दिवशी हुकूम मोडून मोकळा झाला असता, कारण मोडण्यात टाळ्या होत्या. परतण्यात फक्त काम होते, आणि तेही कोर्टातले, कंटाळवाणे.

हे मन त्यांच्याजवळ एका दिवसात आले असे मला वाटत नाही. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजचा शिक्षक त्या गुणपत्रिकेकडे पाहून नाक मुरडील. त्या गुणांसाठी वस्तीने सभा भरवून सत्कार केला. पुढे १९२२ मध्ये लंडनला सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी आक्षेप घेऊन परत केला. पैसे संपत आलेले. ते मुंबईला परतले, प्रबंध नव्याने लिहून पाठविला आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळविली.

काळारामचेही तसेच. २ मार्च १९३० ला सुरू झालेला नाशिकचा सत्याग्रह पाच वर्षे रेटूनही दार उघडले नाही. १९५२ आणि १९५४ च्या लोकसभा निवडणुकांत पराभव. आपल्या जयंत्यांतल्या भाषणांत हे पराभव येतात ते इतरांच्या कपटाचा पुरावा म्हणून. कपट होतेच. पण पराभव हा आपल्या वाटचालीचा भाग म्हणून आपण सांगत नाही, आणि मग वसतिगृहातल्या पोराला वाटते की या घराण्यात हरणारा तोच पहिला. ही चूक सनातन्यांची नाही, आपली आहे. माझ्या आज्याचीही होती.

महाडचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १९३१ साली खालच्या कोर्टाने, १९३३ साली ठाण्याच्या कोर्टाने आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. अनादि वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस उरले होते. तोवर येवल्याची घोषणा होऊन दीड वर्ष उलटले होते. हिंदूंच्या तळ्यावरचा हक्क मिळाला तो हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार झाल्यावर.

मी आज्याला विचारले, निकालानंतर तू गेलास का?

"गेलो ना. बाजाराला गेलेलो, तसाच उतरलो पायऱ्या. लोक बघत होते. प्यालो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी मचूळ होतं रे. उद्या गणिताचं पुस्तक घेऊन बस."

ऑक्टोबरच्या परीक्षेत मला गणितात एकेचाळीस गुण मिळाले.