माध्यमांतराचा एक दुर्लक्षित अध्याय : फ्लॅशपटांकडून तबकडीकडे

माध्यमांतर हा शब्द उच्चारला की आपल्या वर्गांतून कादंबरीवर बेतलेला चित्रपट, कथेवर बेतलेली एकांकिका अशी उदाहरणे ठरल्याप्रमाणे पुढे येतात. आम्हीही वर्षानुवर्षे तीच देत आलो. परंतु एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक निराळेच माध्यमांतर घडत होते आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे जवळजवळ पाहिलेच नाही. संगणकाच्या पडद्यावर प्रेक्षकाच्या टिचकीला प्रतिसाद देणारे अ‍ॅनिमेशन सरळ व्हिडिओत उतरवून तबकडीवर प्रसिद्ध करणे, एवढेच त्याचे वर्णन. गोष्ट तीच, पात्रे तीच, चित्रे आणि आवाजही तेच. गळून जातो तो फक्त प्रेक्षकाचा हात. तो गळून गेल्यावर कृती तीच राहते का, हा प्रश्न आमच्या मते निव्वळ तांत्रिक नाही.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. जोनाथन गे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर’ ही प्रणाली 1996 च्या अखेरीस मॅक्रोमीडिया या कंपनीने विकत घेतली आणि तिचे नाव ‘फ्लॅश’ झाले. 2005 मध्ये मॅक्रोमीडियाच अ‍ॅडोबीकडे गेली. फ्लॅशमधील चित्र हे ठिपक्यांचे नसते, ते रेषा आणि वक्र यांच्या सूत्रांचे असते. त्यामुळे धारिका अतिशय लहान होत असे आणि दूरध्वनीच्या तारेवरून रखडत येणाऱ्या त्या काळच्या इंटरनेटवरही ती उतरवता येई. मात्र आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. फ्लॅशची धारिका म्हणजे चित्रपटाची रीळ नव्हे. प्रत्येक चौकट ती पाहिली जात असताना, पाहणाऱ्याच्या संगणकावर नव्याने रेखाटली जाते. म्हणजे ती नाट्यसंहितेच्या अधिक जवळची. प्रयोग दर वेळी नवा, आणि संगणक मंद असेल तर प्रयोगही मंद! खिडकीचा आकार ओढून बदलला तर कधीकधी मंचाच्या चौकटीबाहेर आपल्या प्रवेशाची वाट पाहत उभी असलेली पात्रेही दिसत. विंगेत डोकावण्याचा हा आनंद कोणत्याही चित्रपटाने दिलेला नाही.

या माध्यमाचे सर्वांत रसरशीत उदाहरण म्हणून आम्ही ‘होमस्टार रनर’कडे बोट दाखवू. अमेरिकेतील अटलांटा येथील माइक आणि मॅट चॅपमन या भावांनी 2000 साली हे संकेतस्थळ सुरू केले. मूळ पात्र जन्मले होते 1996 मध्ये, मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकाची थट्टा करणाऱ्या एका छोट्या पुस्तकात. परंतु संकेतस्थळाला खरी लोकप्रियता मिळाली ती 2001 मध्ये सुरू झालेल्या मालिकेने. स्ट्राँग बॅड नावाचा, मल्लाचा मुखवटा घातलेला आणि हातांत मुष्टियोद्ध्याचे हातमोजे असलेला आढ्यताखोर इसम एका जुनाट संगणकापुढे बसून वाचकांच्या पत्रांना उत्तरे देतो, एवढाच मामला. पत्रे खऱ्या प्रेक्षकांची असत. संकेतस्थळावर जाहिराती नव्हत्या. निर्वाह टी-शर्ट आणि तबकड्यांच्या विक्रीवर चाले.

या भागांची गंमत त्यांच्या शेवटाकडे दडलेली असे. उत्तर संपले, पडदा स्थिरावला, की जाणता प्रेक्षक उठून जात नसे. तो माऊस हातात घेऊन पडदा चाचपू लागे. एखाद्या शब्दावर, एखाद्या वस्तूवर टिचकी मारली की आणखी एक छोटा प्रसंग उघडे. कुठे आहे हे कोणी सांगत नसे. लेखकाने लिहिलेला आणि तरीही वाचकाने शोधला नाही तर अस्तित्वातच न येणारा मजकूर, असे त्याचे रूप होते. वाचककेंद्री समीक्षेच्या तासाला आम्ही ‘रिकाम्या जागा’ शिकवतो. त्यांचे इतके शब्दशः उदाहरण दुसरे आम्हांला ठाऊक नाही.

2004 मध्ये या पत्रोत्तरांच्या डीव्हीडी निघाल्या. चाहत्यांना त्या हव्या होत्या, निर्मात्यांना पोट होते. पण संहितेची रीळ करायची कशी?

पहिली अडचण काळाची. फ्लॅशची नेहमीची गती सेकंदाला 12 चौकटींची. अमेरिकी दूरदर्शनची सुमारे 30, आपल्याकडची 25. अमेरिकी पद्धतीत प्रत्येक चौकट दोनऐवजी अडीच वेळा दाखवावी लागते, म्हणजे अर्ध्या चौकटींच्या भाषेत पाच वेळा. आपल्या पद्धतीत 12 चे 12.5 करून प्रत्येक चौकट दुप्पट करणे सोपे, पण मग सारा खेळ सुमारे चार टक्के वेगाने धावतो आणि सावध राहिले नाही तर आवाजही किंचित चढा होतो. दुसरी अडचण जागेची. त्या वेळचे दूरदर्शन संच चित्राच्या कडा कापून टाकत, म्हणून महत्त्वाचा मजकूर कडेपासून साधारण दहा टक्के आत ठेवावा लागे. संगणकावर सुरेख दिसणारी बारीक आडवी रेघ दूरदर्शनवर थरथरे, भडक लाल रंग शेजारच्या रंगात झिरपे.

तिसरी अडचण सर्वांत अर्थपूर्ण. फ्लॅशमध्ये मुख्य कालरेषेखेरीज ‘मूव्ही क्लिप’ नावाचे तुकडे असत. त्यांची स्वतःची कालरेषा, स्वतःची लय. मुख्य कथा थांबली तरी पात्राची पापणी लवत राही, ती यांच्यामुळे. पण त्या काळच्या आवृत्त्यांतून सरळ व्हिडिओ काढला की फक्त मुख्य कालरेषाच उतरे. मूव्ही क्लिप पहिल्याच चौकटीत गोठत आणि आज्ञावलीने चालणाऱ्या गोष्टी तर घडतच नसत. मग एकेक तुकडा मुख्य कालरेषेला जखडून घ्यावा लागे, नाहीतर चालू पडद्याचेच चित्रण करावे लागे.

हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. 2005 साली आमच्या विद्यार्थ्यांनी जात्यावरच्या ओव्यांवर फ्लॅशमध्ये एक छोटे काम केले होते. माऊसने जात्याचा खुंटा धरून फिरवला की जाते फिरे आणि ओवी ऐकू येई. हात थांबला की ओवी थांबे. आवाज एका विद्यार्थ्याच्या आईचा होता. त्यांच्या घरी संगणक नव्हता, व्हीसीडी चालवणारे यंत्र होते. म्हणून तबकडी करायचे ठरले. पहिल्या खेपेला हाती आले ते एक निश्चल जाते, पूर्ण मुके! जाते मुख्य कालरेषेवर आणून, ओवी तिच्याशी बांधून आम्ही दोन रात्रींत ते काम निभावले आणि मोठ्या समाधानाने तबकडी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, “सर, हे जातं आपलं आपणच फिरतंय की. मग बाई कशाला गाईल?”

आम्हांला तेव्हा उत्तर सुचले नाही.

डीव्हीडीलाही हात असतो, हे येथे नमूद करायला हवे. तिच्या मेनूवर 36 पर्यंत बटणे ठेवता येतात, एकाच दृश्याचे 9 कोन आणि 8 ध्वनिपट्ट्या देता येतात. होमस्टार रनरच्या तबकड्यांनी ही सोय खट्याळपणे वापरली. काही भागांत निर्मात्यांचे भाष्य दुसऱ्या ध्वनिपट्टीवर लपवलेले होते, पाहता पाहता पट्टी बदलणाऱ्यालाच ते सापडे. तरीही फरक उरतोच. माऊस पडद्याच्या पृष्ठभागावर कुठेही हिंडतो, रिमोट मात्र नेमून दिलेल्या बटणावरून दुसऱ्या नेमून दिलेल्या बटणावर उडी मारतो. शोधण्याच्या जागी निवडणे येते.

पोवाड्यांचे उदाहरण येथे आठवणे अपरिहार्य आहे. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये पोवाडे छापले तेव्हा डफ, तुणतुणे आणि पुढे बसलेल्या श्रोत्यांची दाद कागदावर आली नाही. तरीही तो संग्रह नसता तर आपल्या हाती काय राहिले असते, हेही विचारावे लागते. माध्यमांतराने होणाऱ्या हानीची यादी करणारा समीक्षक बहुधा त्या छापील प्रतीच्याच आधारे ती यादी करत असतो. (आम्हीही त्याला अपवाद नाही.)

फ्लॅशच्या बाबतीत हा प्रश्न अकस्मात तातडीचा झाला. अ‍ॅडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि 12 जानेवारी 2021 पासून तो प्लेअर मजकूर दाखवेनासा झाला. ज्यांना कमअस्सल प्रत म्हणून हिणवले गेले त्या तबकड्या तेवढ्या दिमाखात चालत राहिल्या. मात्र गोष्ट तेथे संपली नाही. ‘रफल’ नावाची मुक्तस्रोत प्रणाली जुन्या फ्लॅश धारिका आजच्या न्याहाळकांत चालवते. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर 2020 पासूनच या धारिकांचे जतन सुरू केले आणि होमस्टार रनरचे संकेतस्थळही रफलच्या आधाराने पुन्हा टिचक्यांना उत्तर देऊ लागले.

त्यानंतर आम्हीही विभागाच्या कपाटातून ती जुनी सीडी काढली. व्हीसीडीची आमच्याकडची प्रत ओरखड्यांमुळे वाचता येईना. मूळ फ्लॅश धारिका मात्र रफलमध्ये उघडली. एका विद्यार्थ्याच्या हाती माऊस दिला. जाते फिरले, ओवी आली. मग त्याने खुंटा उलट्या दिशेने फिरवून पाहिला. त्याची तजवीज आम्ही तेव्हा केलेलीच नव्हती. ओवी तशीच पुढे चालू राहिली.