बुडालेल्या भाताचा इतिहास

भाताबद्दल एक समज आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. तो म्हणजे भाताला पाणी कितीही चालतं. तसं नाहीये. भाताचे पाय पाण्यात चालतात, डोकं चालत नाही. रोप शेंड्यासकट बुडालं आणि पाणी आठवडाभर हटलंच नाही, तर बहुतेक वाण मरतात.

का मरतात? पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतात. त्यामुळे प्राणवायू आत पोचत नाही आणि रोपात तयार होणारा इथिलीन वायू बाहेर पडत नाही. आत साठलेलं इथिलीन रोपाला सांगतं, 'बुडालायस, वर ये.' मग रोप उंच व्हायला लागतं. ही उंची फुकट मिळत नाही, साठवलेली साखर त्यात जळते. प्राणवायूशिवाय साखरेतून ऊर्जा तरी किती मिळणार? अगदी थोडी. शेवटी पूर ओसरतो तेव्हा लांबलचक, पोकळ झालेलं रोप चिखलात आडवं पडतं. म्हणजे बुडाल्यामुळे जितकं नुकसान होतं, तितकंच वर येण्याच्या धडपडीनेही होतं.

आता ओडिशात चला. तिथल्या सखल शेतांत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले काही वाण होते. त्यातल्या धलपुटिया नावाच्या वाणातून निवड करून एक शुद्ध ओळ वेगळी काढली गेली. तिचं नाव एफआर १३ए, आणि यातलं 'एफआर' म्हणजे 'फ्लड रेझिस्टंट', पुराला टिकणारं. सत्तरच्या दशकात फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत जगभरचे वाण पाण्यात बुडवून तपासले, तेव्हा हे ओडिशाचं भात सगळ्यात तगड्या वाणांत निघालं. दोन आठवडे बुडालेलं राहूनही ते पुन्हा फुटायचं.

पण उत्पन्न कमी, रोप उंच आणि लोळणारं. साध्या संकरातून पुराचा गुण यायचा, पण बाकीचे नको असलेले गुणही सोबत यायचे. अशी काही वाणं तयार झाली, पण शेतकऱ्यांनी ती फारशी उचलली नाहीत. माझ्या मते त्यांचं बरोबरच होतं. चांगल्या वर्षी कमी पिकणारं भात केवळ वाईट वर्षाच्या भीतीने कोण लावेल?

वाट सापडायला वेळ लागला. १९९६ साली केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी दाखवलं की या गुणाचा मोठा भाग नवव्या गुणसूत्रावर एका जागी आहे. तिला 'सब-१' म्हणतात. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये नेमकं जनुक प्रसिद्ध झालं. त्या कामात मॅकिल यांच्याबरोबर पामेला रोनाल्ड आणि ज्युलिया बेली-सेरेसही होत्या. हे जनुक करतं काय, तर रोपाला थांबवतं. इथिलीन 'वाढ' म्हणत असताना ते ब्रेक दाबतं. रोप साखर राखून गप्प बसतं आणि पाणी उतरलं की तिच्यावर नवी पानं फोडतं.

गंमत बघा, बांगलादेश आणि थायलंडच्या खोल पाण्यातली भातं याच्या नेमकं उलट वागतात. ती दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढून पाण्याच्या वर राहतात. २००९ मध्ये जपानमध्ये मोतोयुकी आशिकारी यांच्या गटाने त्यामागची दोन जनुकं शोधली आणि त्यांना नाव दिलं 'स्नॉर्केल'. ती 'सब-१'च्याच कुळातली निघाली. तिथे पाणी महिनोन्‌महिने राहतं, त्यामुळे थांबून भागत नाही. ओडिशाचा पूर येतो आणि जातो. कुठल्या पुराला कुठलं भात, हा हिशेब शेतकऱ्यांनी जनुक हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी केलेला होता.

पुढे आंध्रच्या मारुतेरू केंद्रातून आलेल्या आणि पूर्व भारतात घरोघरी पोचलेल्या 'स्वर्णा' वाणात हा तुकडा आणला. खुणा बघत बघत केलेला हा संकरच आहे. हे जीएम पीक नाही, हा प्रश्न नेहमी येतो म्हणून आधीच सांगतो. 'स्वर्णा-सब-१' भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ओडिशातल्या अभ्यासात दहा दिवस बुडालेल्या शेतात त्याचं उत्पन्न साध्या स्वर्णापेक्षा ४५ टक्के जास्त आढळलं, आणि पूर आला नाही तरी तोटा नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसते, मला ती फार महत्त्वाची वाटते. पुराच्या सखल जमिनी अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे तुलनेने जास्त आहेत. चांगली जमीन कुणाला आणि पाणी साचणारी कुणाला, हे ठरवणारा जुना इतिहास अजून त्या बांधांवर दिसतो. त्यामुळे या बियाण्याचा फायदाही त्यांना जास्त.

मात्र बी नुकतं रुजत असेल, तर 'सब-१' कामाला येत नाही. बीला थांबून चालणार नाही, वरच यावं लागतं. भाताची एक मोठी करामत अशी की गव्हाचं बी प्राणवायूशिवाय स्टार्च मोडू शकत नाही, भाताचं मोडतं. मुळं जवळजवळ थांबतात, फक्त कोंबावरचं नळीसारखं आवरण लांबत जातं. ते पाण्याबाहेर पोचलं की त्यातूनच हवा खाली येते. तरी बहुतेक वाणांची ताकद वाटेतच संपते. आपल्या कोकणात खार जमिनीत रहू टाकतात, म्हणजे मोड आणलेलं बी चिखलावर फोकतात. त्यात हा नाजूक टप्पा थोडा तरी घरातच उरकलेला असतो.

लावणीला माणसं मिळेनात तसा थेट पेरणीकडे कल वाढला आणि हा प्रश्न पुढे आला. पेरणीनंतर मोठा पाऊस झाला, शेत नीट सपाट नसलं, की सखल कोपऱ्यातलं बी गेलंच. याचं एक उत्तर म्यानमारच्या 'खाओ ह्लान ऑन' या पारंपरिक वाणात सापडलं. त्यातलं जनुक बीला साखरेची टंचाई भासवतं, मग बी आपला साठा जोरात मोडून कोंबाकडे पाठवतं. हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास इंडोनेशियातल्या 'सिहेरांग' या लोकप्रिय वाणात ओडिशाचा थांबवणारा तुकडा आणि म्यानमारचा वाढवणारा तुकडा एकत्र आणले गेले. दोघांची भांडणं झाली नाहीत, कारण एकाचं काम बी रुजताना असतं आणि दुसऱ्याचं रोपाला पानं आल्यावर.